पाया खणण्यापूर्वी : किल्ल्यांच्या परिसरातील बांधकामे आणि पुरातत्त्वीय देखरेख

किल्ला म्हटला की तट, बुरूज, दरवाजे आणि बालेकिल्ला आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांची पडझड झाली तर ती सर्वांना दिसते. वृत्तपत्रांतून त्याविषयी लिहिले जाते, दुरुस्तीची मागणी होते आणि शासनही त्याची दखल घेते. परंतु किल्ल्याचा संसार कधीच केवळ तटाच्या आत सामावलेला नव्हता. तटाबाहेर आणि पायथ्याशी पेठा, वाडे, पागा, धान्याची पेवे, तलाव, पाण्याचे नळ, कारागिरांच्या वस्त्या, देवळे, मशिदी आणि कबरस्ताने पसरलेली असत. राज्ये बदलली, बाजार उठला, वाडे कोसळले, त्यांचे दगड लोकांनी नव्या घरांसाठी नेले. उरले ते हळूहळू मातीखाली गेले. आज त्या जागी शेते, घरे, शाळा आणि रस्ते दिसतात.

इतिहासाचा हा पुरलेला भाग नष्ट होतो, तेव्हा त्याची वार्ता कोठेच येत नाही. सकाळी चर खणला जातो, दुपारी नळ टाकला जातो, संध्याकाळी माती लोटून चर बुजविला जातो. त्या मातीत काय होते हे कोणी पाहिलेले नसते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. गावाला पाणी हवे असते, शाळेला खोली हवी असते, यात्रेकरूंना स्वच्छतागृह हवे असते. प्रश्न एवढाच असतो की, जमीन उघडी असताना त्या चार-सहा तासांत जाणत्या नजरेचा कोणी मनुष्य तेथे उभा होता की नाही. अशा मनुष्याची योजना करणे यालाच पुरातत्त्वीय देखरेख असे म्हणतात. ती का करावयाची, कशी करावयाची आणि तिच्यात ग्रामपंचायत, शाळा व शासकीय कार्यालये यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

देवगिरीचा धडा

या विषयासाठी देवगिरी ऊर्फ दौलताबादइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेला हा किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम याच्या काळापासून राजधानीचे ठिकाण म्हणून पुढे आला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी येथे आणली आणि नगराला दौलताबाद हे नाव दिले. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा उदय याच ठिकाणी झाला. पुढे निजामशाही आली आणि १६३३ मध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला.

डोंगर ताशीव कड्याचा आहे. त्याच्याभोवती खडकात खोदलेला खंदक आहे. या डोंगराच्या पायथ्याशी कालाकोट, महाकोट आणि अंबरकोट अशा तटबंद्या आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट फार मोठ्या क्षेत्राला वेढा घालतो. प्रवासी चाँद मिनार, हत्ती हौद, चिनी महाल आणि अंधारी पाहून परततो. अंबरकोटाच्या आतील विस्तीर्ण जागेकडे त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक तेथे एक संपूर्ण नगर होते. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने नगराचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतान व त्याच्या सैन्यासाठी दौलताबाद, दुसरा भाग कटक, आणि तिसरा देवगिरीचा बालेकिल्ला. म्हणजे त्या काळच्या माणसाच्या दृष्टीने बालेकिल्ला हा नगराचा एक भाग होता, संपूर्ण नगर नव्हे.

या नगराचा शोध कुदळीने घेण्याचे कामही झाले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. श्री. माटे यांनी १९८३ मध्ये दौलताबादच्या आधारे भारतातील मध्ययुगीन इस्लामी काळाच्या पुरातत्त्वाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. माटे आणि टी. व्ही. पाठी यांचा येथील पुरातत्त्वीय संशोधनाचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तटाच्या आतील मलबा दूर करून वाड्यांचे अवशेष उघडे केले. तथापि अशी शास्त्रीय उत्खनने जागेच्या लहानशा भागातच होऊ शकतात. उरलेली जमीन आजच्या माणसांच्या वापरात आहे. दौलताबाद गाव अंबरकोटाच्या आतच नांदते, आणि वेरूळ-खुलताबादकडे जाणारा जुना रस्ता या तटाच्या वेशीतूनच गेला आहे. गाव वाढणार, रस्ता दुरुस्त होणार, नळ बदलले जाणार. हे थांबविता येत नाही आणि थांबविणे योग्यही नाही. म्हणूनच येथील प्रत्येक खोदकाम ही नगराचे आणखी एक पान वाचण्याची संधी असते आणि ते पान फाटण्याचा धोकाही असतो.

हीच स्थिती पन्हाळ्याची आहे. तेथे तर किल्ल्यातच नगर वसलेले असून नगरपरिषद आहे. लहानमोठ्या अनेक गढ्या आणि भुईकोटांच्या भोवतीही गावे नांदत आहेत. जिवंत वस्ती आणि जुने अवशेष एकमेकांत मिसळलेले असणे हा महाराष्ट्रात अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे.

माती वाचावयाची कशी

ग्रामीण महाराष्ट्राला पुरातत्त्वाचा पहिला धडा शिकविण्याची गरज नाही. गावाच्या जमिनीची ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी विभागणी शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे चुलींची राख, कोसळलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि खापरे एकावर एक साचत गेली की वस्तीची जमीन उंच आणि पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचे टेकाड म्हणतो ते बहुधा गावकऱ्याचे पांढरीचे टेकाड असते.

अशा जमिनीत उभा छेद घेतला की थर दिसू लागतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, हा सर्वसाधारण नियम होय. एखादा थर राखेचा आणि जळलेल्या लाकडाचा असेल तर तेथे आग लागल्याचे कळते. चुन्याचा कोबा किंवा भाजक्या विटांची फरसबंदी दिसली तर ती एका काळची जमीन असते. कधी भिंत सापडतच नाही. तिचे दगड कोणीतरी काढून नेलेले असतात. पण दगड काढल्यावर राहिलेला चर चुना आणि रोड्यांनी भरून गेलेला असतो, आणि त्या चरावरून वाड्याचा आराखडा काढता येतो. यंत्राने एका फटक्यात माती उपसली तर असा चर ओळखू येणे अशक्य असते. काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे, चकाकी दिलेली खापरे, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि तांब्याची लहान नाणी या मध्ययुगीन थरांतील परिचित वस्तू आहेत. बाजारात त्यांना किंमत नाही. परंतु कोणत्या थरात काय मिळाले याची नोंद असेल तर त्यांच्यावरून थराचा काळ ठरविता येतो आणि त्या नगराचा व्यापार कोठपर्यंत पोचला होता हेही समजते.

वस्तूपेक्षा तिची जागा अधिक मोलाची असते, हे समजण्यासाठी प्रवरा नदीकाठच्या दायमाबादचे उदाहरण उपयोगी पडेल. ते किल्ल्याचे स्थळ नाही, परंतु त्यातील धडा सर्वत्र लागू आहे. १९७४ मध्ये तेथे एका ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भव्य धातुमूर्ती सापडल्या. त्यांचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. भारतीय कलेच्या इतिहासात या मूर्तींना मानाचे स्थान मिळाले. तरीही त्या नेमक्या कोणत्या काळातील आहेत याविषयी विद्वानांत मतभेद राहिले; कारण त्या शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळालेल्या नव्हत्या. मूर्ती हाती आल्या, पण त्यांचा पत्ता हरवला. जमिनीतून एकदा वर आलेली वस्तू पुन्हा तिच्या थरात ठेवता येत नाही.

देखरेख म्हणजे काय

पुरातत्त्वीय उत्खनन आणि पुरातत्त्वीय देखरेख या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्खनन हे ज्ञान मिळविण्यासाठी, पुरातत्त्वज्ञाने निवडलेल्या जागी आणि त्याच्या गतीने होते. देखरेखीत खोदकाम दुसऱ्याच कारणासाठी होत असते. जागा आणि खोली अभियंत्याने ठरविलेली असते. पुरातत्त्वज्ञ तेथे उपस्थित राहून पाहतो, नोंदी करतो आणि आवश्यक तेव्हा काम थांबविण्यास सांगतो.

ही पद्धत प्रथम युरोपात रूढ झाली. ब्रिटनमध्ये १९७९ साली प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय क्षेत्रे यांविषयी अधिनियम झाला. १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजनविषयक मार्गदर्शक धोरणाने असे सांगितले की, जमिनीखालील अवशेषांचा विचार बांधकामाची परवानगी देतानाच व्हावा. १९९२ मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे झालेल्या युरोपीय करारात मोठ्या प्रकल्पांच्या वेळी अशा कामाच्या खर्चाची तरतूद करण्याचे तत्त्व मान्य झाले. तेथील मध्ययुगीन किल्ल्यांच्या भग्नावशेषांजवळ गटार, दिव्याचा खांब किंवा वाहनतळ करावयाचा असला तरी अशी देखरेख ठेवली जाते.

कामाची रीत सोपी आहे. प्रथम कागदांवरची पाहणी होते. जुने नकाशे, गॅझेटियर, भूमापनाचे अभिलेख आणि पूर्वीच्या उत्खननांचे अहवाल पाहिले जातात. गावातील वृद्धांना जागांची नावे विचारली जातात. ‘पागा’, ‘बाजारतळ’, ‘कोठीचा माळ’ अशा नावांत पुष्कळ माहिती दडलेली असते. नंतर प्रत्यक्ष खोदाईच्या वेळी वरची माती एकदम न उपसता १० ते १५ सेंटिमीटरच्या पातळ थरांनी काढली जाते. जेसीबी यंत्र वापरावयाचे असल्यास दाते असलेल्या बकेटऐवजी सपाट कडेची बकेट लावली जाते, म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग ओरखडला न जाता स्वच्छ दिसतो. काही वेगळे दिसताच यंत्र थांबते आणि पुढचे काम खुरपे व ब्रश यांनी होते. चराच्या बाजू साफ करून थरांची खोली मोजली जाते, रेखाचित्र काढले जाते, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले जाते. मिळालेल्या वस्तू थरानुसार वेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यांवर जागा, थर, खोली आणि दिनांक लिहिला जातो. शेवटी अहवाल तयार होतो. हा अहवाल नसेल तर सारी देखरेख व्यर्थ ठरते.

अशा देखरेखीतून चार प्रकारची निष्पत्ती संभवते. पहिली, काहीच न सापडणे. हाही एक निष्कर्षच असतो. कारण त्या दिशेला वस्ती नव्हती हे त्यावरून कळते. दुसरी, सुटी खापरे किंवा राखेचा थर मिळणे. अशा वेळी नोंद करून काम पुढे चालते. तिसरी, भिंत, पेव, नळ किंवा फरसबंदी यांसारखे बांधीव अवशेष लागणे. तेव्हा काम काही काळ थांबवून तेवढ्या भागाचे शास्त्रीय उत्खनन केले जाते आणि शक्य असेल तर पाया किंवा चर थोडा सरकविला जातो. चौथी, असाधारण महत्त्वाचा अवशेष मिळणे. मग तो जागीच राखून आराखडा बदलावा लागतो. उघडे ठेवणे शक्य नसल्यास त्यावर संरक्षक कापड आणि स्वच्छ वाळू घालून तो पुन्हा झाकला जातो. झाकलेला अवशेष गमावलेला नसतो. पुढील पिढीसाठी तो ठेव म्हणून राहतो.

कायद्याची चौकट

आपल्याकडे या विषयाचा कायदा नवा नाही. प्राचीन स्मारकांच्या जतनाचा अधिनियम १९०४ साली झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी संसदेने १९५८ मध्ये प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम संमत केला, तर राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम १९६० चा आहे. पहिल्या प्रकारातील स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि दुसऱ्या प्रकारातील स्मारके राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. आपल्या गावचा किल्ला यांपैकी कोणाकडे आहे, अथवा तो असंरक्षित आहे, ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी असणे इष्ट होय.

केंद्र संरक्षित स्मारकांभोवतीच्या बांधकामांसंबंधी १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने मर्यादा घातल्या आणि २०१० च्या सुधारणेने त्या अधिनियमातच समाविष्ट झाल्या. त्यानुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना किमान १०० मीटरचे क्षेत्र प्रतिषिद्ध असते. त्यापुढील किमान २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते. हे अंतर मुख्य इमारतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजावयाचे असते, हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

प्रतिषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या, अथवा नंतर रीतसर मान्यता घेऊन बांधलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण मात्र परवानगीने करता येते. दुरुस्ती म्हणजे पाडून पुन्हा बांधणे नव्हे. विनियमित क्षेत्रात बांधकामासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्याने तो १५ दिवसांच्या आत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावयाचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपले मत द्यावयाचे आणि त्यानंतर एका महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय कळवावयाचा, अशी मुदत अधिनियमात आहे. नकार द्यावयाचा असल्यास अर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वगळलेली कामे, न वगळलेली माती

याच अधिनियमातील एक तरतूद पंचायत सदस्यांनी विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावी अशी आहे. ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून गटारे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा यांची कामे वगळण्यात आली आहेत. लोकांच्या दैनंदिन गरजा अडून राहू नयेत, हा त्यामागील उद्देश आहे आणि तो योग्यच आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत मात्र कोणत्याही खोदकामास परवानगी आवश्यक असते. तेथे ही सवलत नाही.

परंतु व्याख्येतून काम वगळले म्हणून त्या जागेतील थर वगळले जात नाहीत. किंबहुना जमिनीच्या दृष्टीने नळाचा आणि गटाराचा चर हा घराच्या पायापेक्षा अधिक अर्थपूर्ण असू शकतो. घराचा पाया एका जागेपुरता असतो. नळाचा चर गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. जुन्या पेठेतून मीटरभर खोल असा सलग छेद मिळणे ही गोष्ट संशोधकाला एरवी दुर्लभ असते. दौलताबादसारख्या ठिकाणी, जेथे मध्ययुगात आसपासच्या तलावांतील पाणी खापरी नळांनी खेळविले गेले होते, तेथे नव्या नळाच्या चरात जुना नळ लागणे अगदी संभवनीय आहे. त्या जुन्या नळाची दिशा, उतार आणि खोली यांची नोंद झाली, तर त्या नगराची पाणीयोजना उलगडण्यास मदत होते. नोंद झाली नाही, तर फुटक्या खापरांचा ढीग तेवढा शिल्लक राहतो.

म्हणून अशा कामांच्या बाबतीत कायद्याने बंधन असो वा नसो, काम सुरू होण्यापूर्वी संबंधित पुरातत्त्व कार्यालयास लेखी कळविणे हाच योग्य मार्ग होय. पत्रासोबत जागेचा नकाशा, चराची लांबी, रुंदी व खोली आणि कामाचा अपेक्षित दिनांक दिल्यास निरीक्षकाची योजना वेळेवर होऊ शकते.

वस्तू सापडल्यास

खोदकामात नाणी, दागिने, मूर्ती किंवा ताम्रपट सापडल्यास काय करावे याविषयी खेड्यापाड्यांत अनेक गैरसमज आहेत. सर्वांत मोठा गैरसमज असा की, सांगितले तर सारे सरकारजमा होईल आणि सापडणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम याहून वेगळे सांगतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास, सापडणाऱ्याने तो कोणत्या स्वरूपाचा, अंदाजे किती किमतीचा, कोठे व केव्हा सापडला हे जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळविले पाहिजे. त्यानंतर जाहीर नोटीस निघते आणि चौकशी होते. निधीला धनी नाही असे ठरल्यास, आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो. शासनाला तो निधी संग्रहासाठी घ्यावयाचा असेल, तर मूळ द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. याउलट लपविणाऱ्याचा वाटा शासनाकडे जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सारांश, नाणी वितळवून सोनाराकडून धातूचा भाव घेणाऱ्यापेक्षा प्रामाणिकपणे कळविणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा आहे. ही गोष्ट मजूर, मुकादम आणि यंत्रचालक यांना काम सुरू होण्यापूर्वीच सांगितली पाहिजे. कारण वस्तू प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते.

भीतीचे मूळ आणि तिचा उपाय

किल्ल्याजवळ राहणाऱ्या कुटुंबाची अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलगा लग्नाचा झाला, घराला एक खोली वाढवावयाची आहे आणि घर प्रतिषिद्ध क्षेत्रात आहे. अशा वेळी स्मारक त्याला वैभव न वाटता बेडी वाटू लागते. मग काही सापडले तर बोलू नये, रात्रीतून पाया भरून टाकावा, अशी वृत्ती निर्माण होते. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ते नगर वसविले, त्यांनाच त्याचे अवशेष शत्रू वाटावेत, याहून मोठी हानी कोणती?

या भीतीचे कारण पुष्कळदा कायद्यापेक्षा अनिश्चिततेत असते. आपले घर कोणत्या क्षेत्रात येते, अर्ज कोणाकडे करावयाचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे ठाऊक नसल्याने मनुष्य आधी बांधतो आणि नंतर नोटीस आल्यावर धावपळ करतो. देखरेखीचीही तीच गोष्ट आहे. भिंत लागल्यानंतर पुरातत्त्वज्ञाला बोलाविले तर काम रेंगाळते, ठेकेदाराची यंत्रे व मजूर बसून राहतात आणि खर्च वाढतो. तोच निरीक्षक पहिल्या दिवसापासून उपस्थित असेल, तर बहुतेक ठिकाणी नोंद होऊन काम पुढे सरकते. पुरातत्त्वज्ञ काम अडविण्यासाठी येत नाही. काम अडू नये म्हणून त्याला आधी बोलवावयाचे असते. देखरेखीमुळे प्रतिषिद्ध क्षेत्रातील बंदी उठत नाही, ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परंतु जेथे काम होऊ शकते तेथे ते निर्वेधपणे होण्यास तिचे साहाय्य होते.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने संरक्षित क्षेत्राची हद्द आणि तिच्याभोवतीचे १०० व २०० मीटरचे पट्टे दाखविणारा नकाशा संबंधित कार्यालयाकडून मागवून कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. वार्षिक विकास आराखड्यात खोदकामाची कामे निश्चित होताच त्यांची यादी पुरातत्त्व कार्यालयास पाठवावी. बांधकाम व पाणीपुरवठा खात्यांच्या अभियंत्यांनी अशा परिसरातील निविदांमध्येच थरांनी खोदाई, अवशेष लागल्यास काम थांबविणे आणि वस्तूंची सुपूर्दगी यांविषयी अटी घालाव्यात. एरवी ठेकेदाराला विलंबाचा दंड भरावा लागेल या भीतीने तो काही सापडल्याचे सांगणारच नाही.

शिक्षकांचे कार्य याहून निराळे आणि अधिक टिकाऊ आहे. गावातील जागांची जुनी नावे, विहिरी, बुजलेले हौद, घरांच्या भिंतींत बसविलेले कोरीव दगड यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. त्यासाठी खणावयाचे काहीच नाही. केवळ पाहावयाचे आणि लिहावयाचे आहे. दगड जेथे आहे तेथेच राहू द्यावा, शाळेच्या कपाटात आणून ठेवू नये, एवढे पथ्य पाळले की अशी वही निरीक्षकाला पहिल्या दिवशी अत्यंत उपयोगी पडते. आज जो विद्यार्थी ही वही लिहील, त्याच्यापैकीच कोणी उद्या सरपंच, अभियंता किंवा यंत्रचालक होणार आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील असून जिंजी हा तामिळनाडूतील आहे. या मानाबरोबर पायथ्याच्या गावांत वाहनतळ, निवासस्थाने, स्वच्छतागृहे आणि पाणीयोजना यांची गरजही वाढणार हे उघड आहे. किल्ला पाहण्यास येणाऱ्यांच्या सोयीसाठी किल्ल्याचाच पुरलेला भाग उखडला जावा, असा विपरीत प्रकार होऊ नये. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे यांतील किल्ले राज्य संरक्षित आहेत. म्हणजे राज्यातील यंत्रणांवरील जबाबदारी तितकीच अधिक आहे. देवगिरीसारख्या या यादीत नसलेल्या शेकडो किल्ल्यांच्या आणि गढ्यांच्या बाबतीतही ती कमी नाही.

तट ढासळला तर पुन्हा उभारता येतो. मातीतील थर पुन्हा रचण्याची कला मात्र कोणालाही अवगत नाही. पुढच्या वेळी गावात नळाच्या कामासाठी फक्की टाकून चराची आखणी होईल, तेव्हा यंत्र येण्यापूर्वी पुरातत्त्व कार्यालयाला एक पत्र गेलेले असावे. त्या एका पत्राला खर्च जवळजवळ नाही. ते न पाठविल्याने होणारी हानी मात्र कोणत्याही खर्चाने भरून येणारी नाही.